पिशवीवरचं शेत

पंचफुला सूर्यवंशीचा नवरा व्यंकटी लातूरच्या एका डाळमिलमध्ये पंचवीस वर्षं एकाच यंत्रापाशी उभा राहिला. पंचफुलाला मात्र दोन वर्षांच्या वर कुठलंच काम पचलं नाही. त्याच मिलमध्ये निवडणीला होती, ते सोडलं. शेवया-पापडाच्या कारखान्यात गेली, तेही सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "जीव लागंना झाला." यापलीकडे कारण देता यायचं नाही तिला. पण एकदा जीव लागेनासा झाला की तिला उभ्या जागी राहवायचं नाही, एवढं मी पुढं पाच-सहा वर्षं डोळ्यांनी पाहिलं.

आमची ओळख झाली ती 'घरभर'मध्ये. मी मुख्याध्यापिका म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते आणि त्याच सुमारास लातुरात हे मोठं स्वस्त दुकान उघडलं होतं. पत्र्याचं भलंमोठं शेड, ढकलगाड्या, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नाही. मी तुरीच्या डाळीची पिशवी उचलली आणि मागून एका बाईनं ती माझ्या हातातून सरळ काढून घेतली. साडीवर कंपनीचा लाल टी-शर्ट घातलेली, चाळिशीची, सडपातळ बाई.

"ही नका घेऊ, बाई. मागच्या रांगंतली घ्या."

"का? दोन्ही सारख्याच तर दिसतात."

"दिसायला काय, तेल-पाणी लावून चमकवलेली हाय. पण ही जुनी हाय. शिजंस्तोवर रडवील तुमाला."

तिनं पिशवी कानाशी नेऊन हलवली, मग दुसरी हलवून दाखवली. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. तेवढ्यात तिचा साहेब आला, वीस-बावीस वर्षांचा असेल, आणि सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "मावशी, तुम्हाला पुढची पिशवी आधी विकायला ठेवलंय की मागची?"

तिनं पिशवी जागेवर ठेवली. पुढच्या आठवड्यात गेले तर ती तिथं नव्हती.

याच दिवसांत माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याहून परत आली. शिवलीला बिरादार तिचं नाव, मूळची उदगीरची. वडील गुरुपादप्पांची उदगीरच्या मोंढ्यात धान्याची आडत. शिवलीलानं औसा रोडला दुकान काढलं, 'सात्त्विक शिवार'. काचेच्या बरण्या, खाकी कागदाच्या पिशव्या, थंड हवा, मागं हळूच बासरी चाललेली. बिनखताची ज्वारी, लाकडी घाण्याचं करडीचं तेल, गावरान तूर. भाव घरभरच्या अडीच-तीनपट. शिवलीला म्हणाली, "बाई, मला धान्य कळणारं माणूस हवंय. पुस्तकातलं मला कळतं, पण हातातलं कळत नाही."

मला ती डाळ कानाशी धरणारी बाई आठवली. डाळमिलच्या मागच्या गल्लीत विचारत विचारत मी तिच्या घरी गेले आणि अशा रीतीनं पंचफुला 'सात्त्विक शिवार'मध्ये लागली. पुढं जे झालं त्यात माझाही वाटा होता, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

शिवलीलानं तिला दुकानाच्या दर्शनी काचेपाशी चौरंग दिला. तिथं बसून तिनं सुपात धान्य पाखडायचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. पगार घरभरपेक्षा जास्त, काम कमी. तरी महिन्याभरात ती चुळबुळायला लागली. पाखडून झालेली डाळ पुन्हा पाखडायची. उठून काचेशी जायची, परत बसायची. मी एकदा विचारलं, "तिथं बरं होतं की इथं?"

ती सूप हलवत म्हणाली, "तिकडं मान्सं पिशवी उचलत्यात अन् भाव बघत्यात. इथं भाव बघत न्हाईत, पिशवीवरलं वाचत्यात. डाळ कुनीच बघंना, बाई."

ते साल २०१५. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. तूर रानातच करपली आणि दसऱ्याच्या आसपास डाळ दोनशे रुपये किलोला भिडली. घरभरनं जाहिरात केली: एका माणसाला एक किलो, बाजारापेक्षा स्वस्त. सकाळी सातपासून रांग. मीही त्या रांगेत होते. 'सात्त्विक शिवार'ची डाळ मी घ्यायची, पण ती माझ्यापुरती आणि नातीपुरती. पाहुण्यांना आणि कामवाल्या बाईला घरभरची. हे मी कुणाला सांगत नसे. रांग वळली तशी समोरून पंचफुला दिसली. तिच्या हातात 'सात्त्विक शिवार'ची कापडी पिशवी होती.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. पहिल्यांदा मीच नजर वळवली.

"लाजू नका बाई," ती हसून म्हणाली. "मी दिसभर ती डाळ निवडते अन् ही शिजवते. तुमी तर निदान दोन्ही खाता."

दिवाळीच्या आधी शिवलीला तिला उदगीरला वडिलांच्या मळ्यात घेऊन गेली. गुरुपादप्पांच्या विहिरीला थोडं पाणी होतं, त्यामुळं एक तुकडा हिरवा होता. तिथं तिला हिरवं लुगडं नेसवलं, डोक्यावर टोपलं दिलं आणि एका मुलानं फोटो काढले. पंचफुलाला वाटलं दुकानात लावायला असतील. पंधरा दिवसांनी नव्या पिशव्या आल्या. त्यावर ती हसत उभी आणि खाली ठळक अक्षरांत: 'पंचफुलाबाईंच्या शेतातली गावरान तूर'.

ती चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरं लावत लावत वाचलं, दोनदा वाचलं. मी नेमकी त्याच दिवशी दुकानात गेले आणि काही ठाऊक नसताना बोलून बसले, "अगं पंचफुला, तू कधी बोलली नाहीस! कुठं आहे तुझं शेत? सुट्टीत नातीला घेऊन बघायला येते."

सूप थांबलं.

"बाई, माज्या बापाकडं बी शेत नव्हतं अन् सासऱ्याकडं बी न्हाई. आमी दुसऱ्याच्या बांधावर काम करनारी मान्सं."

ती उठली आणि पिशवी घेऊन शिवलीलापाशी गेली. मी तिथंच उभी होते, त्यामुळं सगळं ऐकलं.

"ताई, हे शेत कुटंय?"

"अहो पंचफुलाबाई, ते एक चित्र आहे. लोकांना धान्यामागं चेहरा लागतो."

"चेहरा माजा हाय. पन शेत कुनाचं?"

"आपण दहा-बारा शेतकऱ्यांकडून घेतो. सगळ्यांची नावं कुठं छापणार?"

"मग माजं कामून छापलं? माजं तर त्या बारांत बी न्हाई."

शिवलीला वाईट मुलगी नव्हती. तिचा चेहरा उतरला. पण पाच हजार पिशव्या छापून आल्या होत्या आणि दुकान अजून भाड्यापुरतंही चालत नव्हतं. ती म्हणाली, "एवढ्या संपू द्या. मग बदलू."

उन्हाळा आला आणि लातुरात पाणी संपलं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, नळाला आठ-दहा दिवसांनी यायचं तेही बंद झालं. पंचफुलाच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा तिथं घागरींची रांग आणि रांगेत भांडणं. कुणीतरी ती पिशवी गल्लीत आणली होती. टँकरपाशी बायका तिला म्हणायच्या, "बागायतदारीणबाई, तुमच्या हिरीतून आना की दोन घागरी!" "हिरवं लुगडं नेसून या, मग पानी मिळंल!" चेष्टाच ती. पण ती चेष्टा रोज, उन्हात, दोन-दोन तास. घरी आल्यावर व्यंकटी म्हणायचा, "फोटो हाय फकस्त. इसर." तो विसरू शकला असता. तिला ते जमेना. जेवता जेवता उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. नोकरी सोडावी तर पिशव्या तशाच विकल्या जाणार. न सोडावी तर रोज काचेपाशी त्या फोटोच्या पिशव्यांशेजारी बसायचं.

एके दिवशी ती कामावर गेली नाही. सकाळच्या एसटीनं उदगीरला आणि तिथून चालत माहेरी, शेलवाडीला. अण्णाराव म्हणून सत्तरीचे शेतकरी, त्यांच्या शेतात ती लहानपणी आईबरोबर खुरपायला जायची. पोरं पुण्याला कंपनीत; चार एकरांतलं दोन एकर दोन वर्षं पडीक होतं. ती त्यांच्या ओसरीसमोर उभी राहिली.

"अण्णा, एक एकर बटईनं द्या मला. तूर करते. निम्मं तुमचं."

"तू? दुष्काळ डोळ्यांनी बघून राहिलीस अन् रान मागायली? कशापायी?"

तिनं पिशवी पुढं केली. अण्णारावांनी चष्मा लावून वाचलं, तिच्याकडं पाहिलं आणि ठसका लागेपर्यंत हसले. आत त्यांची बायको धोंडाबाई होती, ती बाहेर आली. तिनंही पाहिलं. ती हसली नाही.

"छापलंय तर छापलंय," धोंडाबाई म्हणाली. "आता ते खोटं तरी कशाला ऱ्हावं? द्या तिला एकर." आणि घरात राखेत ठेवलेलं तांबड्या तुरीचं जुनं बी होतं, त्यातलं तिनं मापानं काढून दिलं.

मला हे नंतर कळलं. कळलं तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. पण त्या वर्षी पाऊस आला. जूनमध्ये पेरणी झाली आणि पंचफुला दर रविवारी शेलवाडीला जायला लागली. कधी रविवारी गेलेली सोमवारी परतायची, मग शिवलीला चिडायची. दुकानात असली की शेताचा घोर, शेतात असली की पगाराचा. व्यंकटीही दोन-तीनदा गेला, न बोलता कोळपं धरलं, न बोलता परत आला.

त्याच सुमारास उदगीर जिल्हा होणार ही बोलणी पुन्हा सुरू झाली. तशी ती दर वर्षी व्हायची. १५ ऑगस्ट जवळ आला की चहाच्या टपरीवर जिल्हा होऊन जायचा, त्याचे तालुकेही ठरायचे. शिवलीलाला मात्र या वेळी ते खरं वाटलं. कलेक्टर कचेरी येणार, साहेब लोक येणार, त्यांच्या बायका बिनपॉलिशची डाळ शोधणार, असा तिचा हिशेब. वडील म्हणाले, "लीला, कचेरी येऊ दे मग दुकान टाक." ती म्हणाली, "अप्पा, मग जागा मिळत नाही." तिनं उदगीरच्या मुख्य रस्त्यावर दुसरं 'सात्त्विक शिवार' उघडलं. १५ ऑगस्ट आला आणि गेला. जिल्हा काही झाला नाही. मग लोक म्हणाले, २६ जानेवारीला.

सप्टेंबरअखेर पाऊस इतका कोसळला की ज्या शहरात चार महिन्यांपूर्वी रेल्वेनं पाणी येत होतं तिथं पुलांवरून पाणी गेलं. शेलवाडीच्या त्या एकरातला खालचा भाग तळं झाला. तिथल्या तुरीच्या मुळ्या कुजल्या, झाडं उभ्या जागी वाळली. पंचफुला मला म्हणाली, "दोन साल पान्यावाचून मेलं रान, अन् ह्या साली पान्यानं." पण वरचं पाऊण एकर तगलं. डिसेंबरात मी नातीला घेऊन गेले तेव्हा तूर माझ्या डोक्याच्या वर होती, शेंगांना तांबूस झाक. पंचफुला आम्हाला सरीतून पुढं पुढं नेत होती, थांबतच नव्हती. नात म्हणाली, "आजी, या काकू दमत नाहीत का?" धोंडाबाई बांधावर बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "दमली की दिसंल की. अजून न्हाई दिसली."

तूर निघाली ती सव्वातीन क्विंटल. निम्मी अण्णारावांची. आपली तूर तिनं उदगीरच्या एका लहान गिरणीत नेली आणि भरडून आणली. पॉलिश नाही; रंग फिका, कुठं कुठं साल राहिलेली.

आता गंमत बघा. ज्या साली तूर नव्हती त्या साली डाळ दोनशेला होती. ह्या साली सगळ्यांनीच तूर पेरली आणि सगळ्यांचीच आली. मोंढ्यात भाव कोसळला, सरकारी खरेदी केंद्रावर बैलगाड्या आणि टेम्पो आठ-आठ दिवस उभे. घरभरच्या दाराशी डाळीच्या पोत्यांचा डोंगर, वर पाटी: दोन किलोवर साखर मोफत. इतक्या स्वस्त डाळीसमोर 'सात्त्विक शिवार'ची पिशवी कुणी उचलेना. उदगीरच्या दुकानात तर दिवसाकाठी दोन गिऱ्हाइकं, त्यातलं एक गुरुपादप्पांच्या ओळखीचं.

पंचफुलानं डाळ दुकानात आणली. शिवलीला खूश झाली. मागच्या खोलीत इतर गावांहून आलेली डाळ होती, ती म्हणाली, "यात मिसळून टाका, सगळी एकदम भरू."

"न्हाई."

"म्हणजे?"

"माज्या नावाच्या पिशवीत माजीच डाळ. बाकीची दुसऱ्या पिशवीत भरा. नाव न्हाई, फोटो न्हाई."

"पंचफुलाबाई, तुमची डाळ शंभर पिशव्यांत संपेल. उरलेल्या तीन हजार पिशव्यांचं मी काय करू?"

"ते मला काय ठाव, ताई. मी एक एकर केलं. तीन हजार पिशव्यांचं शेत तुमी छापलं."

शिवलीला रागानं बाहेर गेली. रस्त्यावर उभी राहून फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलत होती. परत आली तेव्हा डोळे लाल होते. ती म्हणाली, "भरा तुमची वेगळी." आणि उरलेल्या पिशव्यांवर चिकटवायला कोरे कागद कापत ती स्वतः बसली.

त्या शंभर-सव्वाशे पिशव्या धडाधड खपल्या असं मला लिहायला आवडलं असतं. पहिल्या आठवड्यात चाळीस गेल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या नऊ परत आल्या. 'शिजत नाही.' 'रंग काळपट येतो.' 'सालं निघतात.' त्या नवांत एक माझी होती. मी दुकानात कुणी नसताना ती काउंटरवर ठेवून येणार होते, पण पंचफुला दारातच भेटली.

तिनं पिशवी पाहिली. तशीच माझ्याबरोबर घरी आली. स्वयंपाकघरात जाऊन डाळ धुतली, कोमट पाण्यात भिजत घातली आणि दोन तास तिथंच बसून राहिली. बसून म्हणजे काय, माझे सगळे डबे पुसले, लसणाची एक माळ सोलली. मग कुकर लावला. वरण झालं, तिनं त्यात फक्त मीठ घातलं आणि वाटी माझ्यासमोर ठेवली. मला आजही त्या वरणाची चव शब्दांत सांगता येणार नाही, आणि मी तीस वर्षं मराठी शिकवलं आहे. माझ्या आईच्या घरचं वरण असं लागायचं, एवढंच मी म्हणाले.

"मग वापस कामून आनली?" तिनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"घाई असते गं," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती.

उरलेली डाळ तिनं दुकानातून उचलली आणि आपल्या गल्लीत नेली. दारात पोतं मांडलं, भाव घरभरचाच. टँकरच्या रांगेत तिला बागायतदारीण म्हणणाऱ्या बायकाच पहिल्या आल्या. मूठभर घेऊन चावून बघितली, भाव पाडायचा प्रयत्न केला, तिच्याशी भांडल्या आणि घेऊन गेल्या. चार दिवसांत पोतं रिकामं. तिच्या कष्टाचे म्हणावे असे पैसे त्यातून सुटले नाहीत. बियाणं, गिरणी, एसटी जाऊन हाती फारसं राहिलं नाही. व्यंकटी म्हणाला, "आता झालं ना समाधान?" ती म्हणाली, "व्हय." आणि लगेच म्हणाली, "पन शेजारची म्हनते, चव हाय, पन ग्यास लई जळतो."

२६ जानेवारीही जिल्ह्यावाचून गेली होती. मार्चमध्ये शिवलीलानं उदगीरचं दुकान बंद केलं. लातूरचं आणखी सात महिने चाललं. शेवटी तिनं नांदेडला एका कॉलेजात नोकरी धरली. आता दर दिवाळीला तिचा फोन येतो. पंचफुलाबद्दल विचारते, थेट तिला फोन करायला मात्र कचरते. मी एकदा पंचफुलाला म्हणाले, "तिच्यावर राग आहे का तुझा?" ती म्हणाली, "राग कशाचा? तिनं छापलं न्हसतं तर मी रान कशाला केलं असतं." मग जरा वेळानं, "पन आदी इचारायला पायजे होतं."

काम तिनं दुकान बंद व्हायच्या आधीच सोडलं होतं, मे महिन्यात. ऊन असं की सावलीतही डोळे मिटावेत. त्याच महिन्यात एका दुपारी ती माझ्या दारात आली, पदरानं तोंड पुसत. शेलवाडीहून परत येत होती. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरच टेकली.

"अण्णांनी दुसरं एकर बी घे म्हनलं. खालचं, पानी साचतं ते. मी घेतलं."

"त्याला लागून असलेला तुझा तुकडा तर कुजून गेला होता ना मागच्या वर्षी?"

"चर खंदायचा. आमच्या ह्यांना सांगितलंय, रविवारी येतो म्हनले." ती बोटांवर मोजत होती. "वरच्या रानात धोंडाबाईची तांबडी. खालच्यात दुसरी पांढरी लावते, बदनापूरच्या संशोधनवाल्यांची. ती लवकर शिजते म्हनत्यात. गल्लीतल्या बायका तीच मागून राहिल्या."

"आणि दोन्ही नाही जमली तर?"

ती उठली. पाणी प्यायली, तांब्या पालथा घातला.

"बाई, तुमच्याकडं कुदळ हाय का एखादी जुनी?" तिनं विचारलं. "आमची एकच हाय, अन् चर लई लांब हाय."